उंबरठ्याची राखण



मी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावचा. सावंगी, बोरगाव, सिंदी आणि पिपरी या चारही गावांच्या नावापुढे 'मेघे' लागते, आणि ही गावे आता वर्धा शहराला अशी भिडली आहेत की गाव कुठे संपले आणि शहर कुठे लागले, हे नव्या माणसाला सांगता येऊ नये. शेते जाऊन घरे आली, कौले जाऊन सिमेंटची छपरे आली. पण शनिवारी सकाळी रस्त्याने चालत निघालो, की दुकानाच्या दारात, रिक्षाच्या पुढल्या दांडीला, नव्या कोऱ्या मोटारीखाली एक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या दोऱ्यात ओवलेल्या दिसतातच. आदल्या शनिवारचे सुकलेले लिंबू रस्त्यावर पडलेले असते आणि शिकलीसवरली माणसेसुद्धा पाय जरा बाजूला टाकून जातात. मीही टाकतो. खोटे कशाला बोलू?

आज याच गोष्टीविषयी बोलायचे आहे. देवळातल्या पूजेविषयी नव्हे, पोथीविषयी नव्हे. ज्याला भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही, आणि जे घरातली बाईमाणसे आपल्या हाताने करतात, त्या घरगुती राखणीविषयी. लेकराच्या गालाला काजळाची तीट, कमरेला काळा करगोटा, दारावर बिब्बा, उशाशी विळा, पिकात उलटी टांगलेली काळी हांडी, संध्याकाळी उतरवलेले मीठ-मिरच्या. आपण त्याला तोडगा म्हणतो, उतारा म्हणतो. कोणी नुसते 'आमच्यात करतात' म्हणतो.

या विषयावर बोलणारी माणसे बहुधा दोन जातीची असतात. एक हसतात आणि 'अडाणीपणा' म्हणून हात झटकतात. दुसरे म्हणतात, आपल्या पूर्वजांना सारे विज्ञान ठाऊक होते. लिंबातले आम्ल दोऱ्यात चढते, त्याने हवा शुद्ध होते, वगैरे. हल्ली मोबाईलवर असले शास्त्र रोज सकाळी फुकट येते. याला पुरावा काही नाही. ज्या बाईने पहिल्यांदा दारात लिंबू टांगले तिच्या मनात आम्ल नव्हते. तिची समजूत सरळ होती: लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, म्हणजे आपली अवदसा, हिला आंबट-तिखट आवडते, तिचे दारातच पोट भरले तर ती उंबरठा ओलांडून आत येणार नाही. पाहुणीला ओसरीवरच फराळ देऊन वाटेला लावावे, तसा हा प्रकार. मला तर यात सासुरवाशिणीचा शहाणपणा दिसतो! पण त्याला रसायनशास्त्र म्हणू नये.

असे तोडगे फक्त आपणच करतो असेही नाही. युरोपात दारावर घोड्याचा नाल ठोकतात. तुर्कस्तानात निळ्या काचेचा डोळा लेकराच्या कपड्याला लावतात. जेम्स फ्रेझर नावाच्या पंडिताने 1890 साली 'गोल्डन बाऊ' नावाचा ग्रंथ काढला. जगभरच्या अशा चाली गोळा करून त्याने दोन सूत्रे सांगितली. एक, सारख्याचा परिणाम सारख्यावर होतो. म्हणून डोळ्याच्या बाधेला डोळ्याचे चित्र. दुसरे, एकदा अंगाला लागलेली वस्तू दूर गेली तरी संबंध तुटत नाही. म्हणून आपल्याकडे बाळाची नाळ कुठे पुरली याची एवढी काळजी, आणि कापलेले केस उघड्यावर टाकू नयेत असा म्हाताऱ्यांचा दंडक. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात मुलांना आपल्या घरच्या चाली सांगायला लावाव्यात आणि कोणती चाल कोणत्या सूत्रात बसते ते ठरवायला सांगावे. मुले खुलतात, हा माझा अनुभव आहे.

पण 'कशी' पेक्षा 'कुठे' हा प्रश्न मला मोठा वाटतो. माणूस तोडगा कुठे करतो? भात शिजवताना कोणी लिंबू ओवाळीत नाही. पाणी आणि जाळ बरोबर असला की भात शिजणार, हे ठाऊक आहे. तोडगा होतो तो तान्ह्या लेकरासाठी, गाभण गाईसाठी, नव्या बैलजोडीसाठी, उभ्या कपाशीसाठी, लांबच्या प्रवासासाठी. जिथे आपण सारी मेहनत करूनही शेवट आपल्या हातात नसतो तिथे. मालिनोव्स्की नावाचा अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर जाऊन राहिला. तिथले कोळी किनाऱ्याआतल्या शांत पाण्यात मासे धरताना मंत्र म्हणत नसत. तिथे हमखास मासे मिळत आणि धोका नसे. तेच कोळी खुल्या समुद्रात नाव घातली की पावलोपावली मंत्र करीत. आपली कोरडवाहू शेती म्हणजे खुला समुद्रच आहे, नाही का? मृगात पेरले आणि पाऊस दडला, तर माणसाने काय करावे? तो हांडीला चुन्याचे डोळे काढतो आणि बांधावर उभी करतो. हसू नये.

आता नजरेची गोष्ट. लेकरू संध्याकाळी किरकिर करते, दूध पीत नाही. आजी मूठभर मीठ, मोहरी, वाळल्या मिरच्या घेते, तीन किंवा सात वेळा उतरवते आणि चुलीत टाकते. ठसका लागला तर नजर नव्हती. ठसका लागला नाही तर 'पाहा, केवढी नजर होती!' ही परीक्षा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यातली गंमत अशी की, मिरची धुमसत्या निखाऱ्यावर पडली तर तिचा तिखट धूर उठतो आणि घरभर ठसका लागतो. भडकत्या जाळात पडली तर चटकन जळून जाते आणि धूर ज्वाळेबरोबर वर निघून जातो. म्हणजे परीक्षा होते ती जाळाची. लेकराविषयी ती काहीच सांगत नाही.

पण लेकरू शांत होते, हे खरे आहे. दिवसभर घरातली माणसे कामात असतात. संध्याकाळी कोणीतरी सगळे काम टाकून त्याला मांडीवर घेते, दिव्यासमोर बसते, त्याच्या तोंडाकडे निरखून पाहते, अंगावरून हात फिरवते. एवढा वेळ त्याला दिवसात मिळालेला नसतो. आईचाही जीव थाऱ्यावर येतो, आणि आईचा थाऱ्यावर आला की लेकराचा येतो. माझे म्हणणे एवढेच की, उतरवताना लेकराच्या कपाळाला हात लावून पाहावा. ताप आहे का? ओठ सुकले आहेत का? टाळू खोल गेली आहे का? जुलाब होत असतील तर मीठ उतरवण्याआधी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात करावी आणि दवाखान्याची वाट धरावी. मीठ दोन्हीकडे तेच आहे.

बिब्ब्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बिब्बा म्हणजे भिलाव्याचे फळ. आंबा आणि काजू यांचा हा नातलग. त्याच्या काळ्या रसाने परीट लोक कपड्यावर खुणा घालीत, कारण ती खूण धुऊन जात नाही. न पुसणारा काळा डाग म्हणून तो नजरेला बांध घालतो, ही समजूत. दारावर टांगलेला बिब्बा कोणाचे वाईट करीत नाही. पण त्याचा रस अंगाला लागला तर फोड येतात, कातडी सुजते, पाणी सुटते; आपण म्हणतो 'बिब्बा उतला'. म्हणून लेकराच्या हाताला, तोंडाला लागेल असा बिब्बा बांधू नये, आणि पोटदुखीवर, पोटफुगीवर तान्ह्या लेकराच्या पोटावर बिब्बा घालणे किंवा तापल्या लोखंडाचे चटके देणे हे तर कधीच करू नये. लेकराला दुखणे एक असते, आपण दुसरे देतो.

कडुनिंबाच्या डहाळीची गोष्ट याच्या उलट आहे. घरात 'माता' आली, म्हणजे गोवर, कांजण्या किंवा पूर्वी देवी निघाल्या, की दाराला निंबाची डहाळी लागत असे. गावाबाहेर निंबाखाली मातामायचे ठाणे असे, तिथे पाणी घालायला बाया जात. डहाळी दिसली की परका माणूस आत येत नसे, घरातली मुले बाहेर खेळायला जात नसत, रोग्याजवळ एखाददुसरेच माणूस बसे. डहाळीने रोग हटत नव्हता, पण येणारेजाणारे हटत होते, आणि साथीच्या रोगात तेही पुष्कळ असते. त्या रोगाला खरे हटवले ते लशीने. देवीचा भारतातला शेवटचा रोगी 1975 साली सापडला, आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर केले. मातामायच्या ठाण्यावर त्यानंतरही पाणी पडत राहिले. पडू द्यावे. आमच्याकडच्या कितीतरी बायांनी मुलाला देवी टोचून आणल्या आणि परतताना ठाण्यावर पाणी घातले. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही, मलाही वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः आलो ती सांगतो. ती माझ्याच घरची आहे.

बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवण्याची चाल तुम्हांला ठाऊक आहे. आपण इळा म्हणतो. लोखंडाला बाहेरची बाधा भिते, ही समजूत. पाचव्या रात्री पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात; त्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते. घरातल्या बाया रात्रभर जागतात. काही घरांत सहाव्या रात्री करतात. पण पाचवी-सहावीच का? पहिली का नाही, विसावी का नाही?

माझ्या आजीला पहिला मुलगा झाला तो माझ्या वडिलांच्या आधी. आजी सांगे, लेकरू गोरेगोमटे, अंगाने भरलेले होते. तिसऱ्या दिवशी शेजारची एक बाई पाहायला आली. तिला मूलबाळ नव्हते आणि नवरा लवकर गेलेला. तिने लेकराकडे पाहिले आणि म्हणाली, 'किती साजरं आहे वं.' बस, एवढेच. पाचवी झाली, इळा उशाशी होता, बाया रात्रभर जागल्या. सातव्या दिवशी लेकराने दूध ओढणे सोडले. तोंड आवळले. जरा आवाज झाला, कोणी हात लावला, की अंग धनुष्यासारखे ताठ होई. नवव्या दिवशी ते गेले.

घरात त्या दिवसापासून ठरून गेले: शेजारणीची नजर. त्या बाईला आमच्या घरी कोणी पुन्हा बोलावले नाही. आमच्या आजीने तिच्याशी चाळीस वर्षांहून जास्त बोलणे टाकले. हळूहळू गल्लीतल्या इतर बायाही तान्हे लेकरू तिच्यासमोर झाकून घेऊ लागल्या. मी लहान असताना तिच्या अंगणातून धावत जात असे, कारण तिथे थांबायचे नाही असे आम्हांला शिकवलेले. ती ओसरीवर तांदूळ निवडीत बसलेली असे. वर पाहत नसे. तिला सवय झाली होती, की आपण पाहिले तर लोकांना चालत नाही.

पुढे मी मास्तर झालो. 1970 च्या सुमाराची गोष्ट. आरोग्यखात्याच्या एक नर्सबाई शाळेत मुलींना आणि गावातल्या बायांना माहिती सांगायला आल्या. त्यांनी धनुर्वाताविषयी सांगितले. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतो. वाळला तरी तो मरत नाही, वर्षानुवर्षे बीजरूपाने पडून राहतो. 1889 साली कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने तो प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. हवा लागत नाही अशा जागी तो वाढतो आणि विष सोडतो. तान्ह्या लेकरात त्याला शिरायला एकच वाट असते, ती म्हणजे नाळेची ओली जखम. ज्या विळ्याने गवत कापले त्याच विळ्याने नाळ कापली, वर गोवरीची राख दाबली, की जंतू आत गेला. मग दोन-चार दिवस काही दिसत नाही. साधारण आठवड्याच्या आसपास लेकराचे तोंड आवळते, दूध सुटते, अंग ताठते. नर्सबाई बोलत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची बाळंतिणीची खोली उभी राहिली.

पाचवी-सहावीच का, याचे उत्तर काही अभ्यासक यातच शोधतात. लेकरे कोणत्या दिवसांत जातात हे बायांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते, आणि म्हणून धोक्याच्या उंबरठ्यावरच त्यांनी जागरणाची रात्र बसवली. निरीक्षण अचूक होते. कारण मात्र हाती लागले नव्हते. संकट कधी येते हे कळले होते, कुठून येते हे कळले नव्हते, आणि म्हणून इळा उशाशी राखणीला ठेवला. तोच इळा आदल्या आठवड्यात नाळेवरून फिरला होता.

मी घरी जाऊन आजीला हे सांगितले. तेव्हा मी तरुण होतो, आणि तरुण माणसाला खरे सांगण्याची फार घाई असते. मला वाटले, आजीच्या मनावरचा भार उतरेल. आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'मंग माह्याच घरच्या इळ्यानं झालं म्हण ना, बापा.' मी म्हटले, आजी, तुझा दोष नाही, सुईणीचाही नाही. तेव्हा आपल्या गावात कोणाला ठाऊक होते? तिने ते ऐकले की नाही, कोण जाणे. पुन्हा थोड्या वेळाने म्हणाली, 'अन्‌ तिले मी कायले...' आणि पुढचे बोलली नाही. शेजारीण जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

मंडळी, या प्रसंगाने मला जे कळले ते पुस्तकाने कळले नसते. इळा उशाशी ठेवला याने काहीच बिघडले नव्हते. तीट लावली, पाचवी पुजली, रात्र जागवली, यातून लेकरावरची माया दिसत होती. बिघडले ते दोन ठिकाणी. एक, खरे कारण शोधायचे थांबले, कारण नजर हे कारण आधीच मिळाले होते. आणि दुसरे, त्या नजरेला एका माणसाचे नाव चिकटले. वस्तूने केलेली राखण स्वस्त असते. पण राखण करताना 'कोणापासून' असे विचारून बोट दाखवले, की तिची किंमत कोणीतरी जन्मभर भरते.

धनुर्वाताचे पुढे काय झाले तेही सांगतो. गरोदर बाईला लस टोचली की तिच्या रक्तात तयार झालेले संरक्षण वारेतून पोटातल्या बाळाला मिळते. लशीच्या जोडीला पाच गोष्टींची स्वच्छता सांगितली जाते: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे ब्लेड, नाळ बांधायचा स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काही न लावणे. राख नाही, हळद नाही, तेल नाही. नाळ कोरडी ठेवायची. एवढ्यावर, आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांवर, हा रोग इतका आटोक्यात आला की 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. पण येथे एक सावधगिरी आहे. देवीचा जंतू माणसाशिवाय जगत नव्हता, म्हणून तो संपला. धनुर्वाताचा जंतू मातीत आहे आणि राहणार. लस सोडली की तो परत येईल.

सापाविषयी बोलल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही, कारण वर्ध्याच्या शेतात साप आणि रात्री जमिनीवर निजणारा माणूस यांची गाठ पडतेच. साप चावला की पूर्वी निंबाचा पाला चावायला देत. कडू लागला तर विष चढले नाही, गोड लागला तर चढले. मग मांत्रिक येई, पाणी मारी, मंत्र म्हणे, आणि पुष्कळदा रोगी उठून बसे. का उठे? कारण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशा रोग्याला मंत्राने उठवायची गरजच नसते. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांपैकी एकाने पुरते विष सोडले असेल, तर मंत्रात गेलेला तास परत मिळत नाही. मण्यार तर रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, जीभ लटपटते, आणि घरची माणसे 'बाहेरचे लागले' म्हणून उतारा शोधू लागतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतात वर्षाला सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने मरतात असा अंदाज निघाला.

करायचे ते साधे आहे. माणसाला धीर द्यावा, हलू देऊ नये, अंगठी-कडे काढावे, जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये, आणि 108 ला फोन लावावा किंवा मिळेल त्या गाडीने थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. आपल्या भागाला सेवाग्राम आणि सावंगी येथे मोठी रुग्णालये आहेत. घरात कोणाला देवाचे नाव घ्यायचे असेल त्याने गाडीत बसून घ्यावे.

सेवाग्राम म्हटले की एक वस्तू आठवते. गांधीजी 1936 साली शेगावला राहायला आले. पुढे 1940 साली त्याचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमात सापांचा सुळसुळाट होता. तिथे साप धरायचा लांब लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे, आजही पाहता येतो. साप धरायचा, पिंजऱ्यात घालायचा, दूर नेऊन सोडायचा. शाळेची सहल नेली की मी मुलांना प्रार्थनेच्या जागेनंतर तो पिंजरा दाखवीत असे. मुलांना चरख्यापेक्षा पिंजरा आवडे, हे कबूल केले पाहिजे.

आता कायदा. जादूने रोग बरा करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्राचा कायदा 1954 सालचा आहे. ताईत, मंत्र, कवच हे सारे त्यात येते. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर आधी वटहुकूम व डिसेंबरात कायदा आला. या कायद्याविषयी गावात पुष्कळ गैरसमज आहेत. 'आता घरात दिवाही लावू देणार नाहीत' असे मला एकाने सांगितले होते! तसे काही नाही. पूजा, वारी, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, घरचे धार्मिक विधी यांना तो हात लावीत नाही. तो हात लावतो ते अंगाला इजा करणाऱ्या, लुबाडणाऱ्या, भीती घालणाऱ्या प्रकारांना. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-दोरे करणे हा गुन्हा आहे. अमकी बाई करणी करते, तमक्याने म्हशीचे दूध आटवले, असे सांगून एखाद्याला छळणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

हे जुने राहिलेले नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावी, भानामतीच्या संशयावरून काही म्हाताऱ्या बायामाणसांना भर चौकात बांधून मारले. कोणाच्या तरी घरात कोणीतरी आजारी पडले असेल, आणि कारण सापडत नसेल. तिथून ते चौकापर्यंत पोचले. आमच्या गल्लीत चौकापर्यंत गेले नाही, ओसरीपाशीच राहिले, एवढाच फरक.

आपल्याच मुलखात यावर एक जुनी, सुंदर तोड आहे, आणि तिच्याकडे आपण नीट पाहत नाही असे मला वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा शेकतो, हळद-लोणी चोळतो. पोळ्याला दाराच्या दोन्ही अंगांना पळसाच्या डहाळ्या, आपण मेढे म्हणतो, उभ्या करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरे उठतात, घराघरापुढचे मेढे उचलतात आणि इडापिडा, खोकला, ताप, माशा, ढेकूण सगळे घेऊन जा म्हणून मारबतीच्या नावाने ओरडत गावशिवेबाहेर नेऊन टाकतात. नागपूरला याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बरोबर बडगे निघतात. एकोणिसाव्या शतकापासूनची ही मिरवणूक, आणि बडग्यांवर महागाई, लाचलुचपत, साथीचे रोग, पुढारी, कोणाचीही सुटका नसते. मारबतीची पुरी गोष्ट एखाद्या वेगळ्या दिवशी सांगण्यासारखी आहे. आज एवढेच पाहा की, पहाटे ओरडणारी पोरे रोगाचे नाव घेतात, ढेकणाचे नाव घेतात, शेजारणीचे नाव घेत नाहीत. सगळ्या गावाची पीडा एका पळसाच्या फांदीवर बसवून शिवेबाहेर जाते आणि परत येताना पोरे उपाशी असल्याने जोरात धावत येतात. त्यानंतर तान्हा पोळा. लाकडाचे बैल घेऊन लहान मुले घरोघर जातात, आणि प्रत्येक घरी त्यांना काहीतरी द्यावेच लागते. कोणाच्याही घरी. त्या शेजारणीच्या घरी मात्र आम्ही लाकडी बैल घेऊन कधी गेलो नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरी पणतू झाला. बाळंतपण रुग्णालयात झाले, नाळेला प्लास्टिकचा चिमटा लावलेला होता, लशीचे कार्ड सुनेने पेटीत सर्वांत वर ठेवले आहे. पाचव्या रात्री घरी पाचवी पुजली. कोरा कागद ठेवला; लेखणी मिळेना म्हणून बॉलपेन ठेवले. आजीचा इळा अजून आहे, तो कोणीतरी धुऊन, फडक्यात गुंडाळून उशाकडच्या कोनाड्यात ठेवला. मी काही बोललो नाही. शेजारच्या त्या जागेवर आता दुमजली घर आहे, तिथे राहायला आलेल्या बाईंना मी स्वतः बोलावणे केले. त्या आल्या, आणि आमच्या सुनेने बाळ उचलून त्यांच्या मांडीवर दिले. त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, 'किती साजरा आहे वं.'

घरातली म्हातारी माणसे क्षणभर थबकली. मग कोणीतरी हसले, आणि चहा आला.